फक्की

मे महिन्यात नागपुरात शहाणा माणूस बैठक बोलवत नाही.
निकहतनं बोलावली, रात्री साडेनऊला,
दोन बिल्डिंगींच्या मधल्या जागेत,
जिला आम्ही मैदान म्हणतो, पावतीबुकात सामायिक क्षेत्र,
आणि जिथे खरं तर गेल्या उन्हाळ्यातलं
कूलरचं काळं पडलेलं गवत सडत असतं.

चित्रकलेच्या कॉलेजातली पोरगी.
हातात ब्रश नाही, कागद नाही.
एक पोतं फक्की, कबड्डीच्या मैदानावर मारतात ती,
आणि बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले
डालड्याचे बारा डबे.

मी सचिव. माझ्याकडे नकाशा तयार होता,
ठेकेदारानं दिलेला, रंगीत:
मधोमध कारंजं, पार्किंगचे पट्टे,
आणि छत्री घेतलेली एक बाई,
जी आमच्या गाळ्यांत राहत नाही.
म्हटलं, पास करून टाकू, गर्मी होऊन राहिली.
ती म्हणाली, काका, आधी चालून दाखवा.
रोज चालता तसे. डबा खाली धरून.

"चालाचं काय चित्र असते बाप्पा?"
कौतिकाबाई निमजे पदरात हसल्या
आणि सगळ्यांत आधी त्याच निघाल्या.
दार ते नळ, नळ ते दार, आठ खेपा.
डबा रिकामा झाला तरी थांबेनात.
"अजून चार गुंड भराचे हाय न माये."

मग देवचंद हेडाऊ, त्याची एक रेघ सरळ आणि एक वाकडी.
वाकडी कधीची, कोणी विचारलं नाही.
मग पोट्टे. पोट्ट्यांना रेघच नव्हती,
नुसता धुरळा, सगळीकडे.
माझी रेघ दारापासून स्कूटरपर्यंत.
सतरा पावलं. वीस वर्षं राहतोय इथे.

"आता वरून बघू," निकहत म्हणाली,
आणि अठ्ठेचाळीस गाळे माझ्याकडे वळले.
गच्चीला कुलूप. चार वर्षांपूर्वी मीच घातलेलं.
कारण होतं तेव्हा काहीतरी,
रजिस्टरात लिहिलेलं असेल.
चावी शोधायला मला बराच वेळ लागला,
म्हणजे चावी कुठे आहे ते ठाऊक असूनही.

वर गच्ची अजून तापलेली, चपलेतून चटका.
खाली टॉर्चच्या उजेडात आमचं पांढरं जाळं.
मोठ्या गेटातून एकही रेघ जात नव्हती.
सगळ्या मागच्या फुटक्या भिंतीतून,
जी बुजवायचा ठराव मी दोनदा मांडलाय.
कारंज्याच्या जागी कौतिकाबाईंचा नळरस्ता,
दोरखंडासारखा जाड.

आणि निंबाखाली एक तुकडा, कोरा.
लांबट चौकोन. साडेसहा फूट असेल.
सगळ्या रेघा तिथे येऊन
किंचित वळलेल्या, जणू पायांनी
कुणाची तरी झोप मोडू नये म्हणून.

कोणी काही बोललं नाही.
मग देवचंदच म्हणाला, हळूच,
"झिबलभाऊची बाज."

झिबल पराते. कूलर घेतला नाही कधी.
उन्हाळाभर तिथेच, ओला दुपट्टा छातीवर.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन,
बाज कधीच भंगारात गेली.
आणि ती तीन वर्षांची रिद्धिमा,
जिनं त्याला पाहिलंही नाही,
तिचा धुरळासुद्धा तेवढाच थांबलेला.

फक्की गरम वाऱ्यानं चार दिवसांत नेली.
पण निकहतनं फोटो काढला होता,
आणि मी रजिस्टरात पहिल्यांदा शब्दांऐवजी
एक वाकडंतिकडं जाळं काढलं, सही केली.
कुलूप अजून आहे गच्चीला. चावी आता
जिन्यातल्या खिळ्यावर असते, बहुतेक वेळा.

दिवाळीनंतर काम निघालं.
फरशी बसवणारा मिस्त्री वैतागला:
साहेब, रस्ता इथं सरळ जातो,
मधात काहीच नाही, वळवू कशाले?
खर्च वाढते फुकटचा.

मी रिकाम्या जमिनीकडे पाहिलं.
निंबोळ्या पडल्या होत्या दोन-चार.
म्हटलं, वळव.
बाज आहे तिथं.